न केलेल्या गुन्ह्याची माफी

पाळकसाहेब काल घरी येऊन गेले. तुम्हाला मातीत ठेवून आज अठरा दिवस झाले, आणि येत्या रविवारी मंडळीत तुमच्या आठवणीची उपासना आहे. तिथे मी साक्ष द्यायची असं त्यांनी ठरवलं आहे. चहा संपेपर्यंत त्यांनी काय बोलायचं तेही सांगून टाकलं. "ताई, भाऊ कसे बदलले ते सांगा. दारू सुटली, मग मध्ये एकदा पाय घसरला, पण प्रभूनं त्यांना परत उचललं. नव्या लोकांना फार धीर येईल." मी मान हलवली. ते गेल्यावर कप विसळताना माझ्या लक्षात आलं, की मी 'हो' म्हणून बसले आहे.

मध्ये एकदा पाय घसरला म्हणजे ते चार महिने. तुम्ही मंडळीत मागच्या बाकावर बसायचात आणि प्रभुभोजनाचं ताट तुमच्यापर्यंत आलं की हात न लावता शेजाऱ्याकडे द्यायचात, ते. सगळ्या मंडळीला वाटतं की तुम्ही त्या उन्हाळ्यात पुन्हा प्यायलात. मलाही मागच्या आठवड्यापर्यंत तेच वाटत होतं, आणि मंडळीला वाटलं तेही माझ्याचमुळे. आता खरं काय ते मला कळलं आहे, पण तुमच्याशी बोलायची सोय राहिली नाही. म्हणून अंगणवाडीची एक जुनी वही काढली आहे. मागची पानं कोरी आहेत.

आधी भांडून घेते. रडायला बसले की भांडण राहून जातं, आणि तुमचं नेहमी तेवढ्यावर भागायचं. अहो, सांगायचं होतं ना! एका वाक्याचं काम होतं. आपल्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात तुम्ही मला नको नको ते बोललात, आणि जे बोलायला हवं होतं तेवढंच गिळून बसलात.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिते. रविवारी उभं राहायचं तर मला ते नीट लावून पाहिलं पाहिजे.

दारू सोडणं तुम्हाला काही नवीन नव्हतं. दर वर्षी पोळ्याला सोडायचात आणि दुसऱ्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याला, धरायचात. मी तुमच्या आधी चार वर्षं मंडळीत जात होते, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करून करून मंडळीही थकली होती. त्यामुळे अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तुम्ही भंडाऱ्याहून, मंडळीतून, स्वतःच्या पायांनी नीट चालत आलात आणि दारात उभे राहिलात, तेव्हा मी भात वैरत होते ती मान वर न करता म्हणाले, "पाय धुवा अन् जेवा."

तुम्ही आत आला नाहीत. "इकडं ये," म्हणालात. "माह्या तोंडाचा वास घे."

"काहून जी? आज हे नवीन काय काढलं?"

"रोज घेत जा. मी तोंडानं काय बी सांगीन, तू आयकू नोको. मी लय खोटा माणूस हाव. नाकानं पारखत जा मले."

मी वास घेतला. खर्र्याचा, त्या सुपारी-तंबाखूचा आला, दारूचा नाही. त्या दिवसापासून आपल्या घरात तो रिवाजच झाला. तुम्ही हायवेवरचं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून सातला घरी यायचात, सायकल भिंतीला लावायचात, हातपाय धुवायचात, आणि मी जिथे असेन तिथे येऊन वाकायचात. फू करायचात. मी 'हं' म्हणायची, की मग तुम्ही बसायचात. पाहुणे असले तरी चुकलं नाही. आपल्या मीनाला बघायला कारध्याची मंडळी आली होती, त्यांच्यासमोरसुद्धा तुम्ही येऊन वाकलात. मी लाजेनं अर्धी झाले. तुम्ही मात्र पाहुण्यांना शांतपणे सांगितलंत, "मी दारुडा होतो जी. हे माह्यं औषध हाय."

खर्र्याचं मात्र तुमचं तीन वर्षं चाललं. पहाटे बारदान्यावर गुडघे टेकून तासभर प्रार्थना करायची आणि उठलं की पहिला हात खर्र्याच्या पुडीकडे. मी विचारायची, "देवानं दारूपुरताच बोलावलं का तुम्हाला?" तुम्ही म्हणायचात, "एक-एक करून सोडतो वो. सगळं एकदम काढलं तर मी उरीन का?" हसू यायचं, आणि तुमचं ते खरंही होतं. वचन वाचताना ओळीखाली बोट धरायचात, पानाला खर्र्याचे डाग पडायचे. शेवटी त्या डागांचीच तुम्हाला लाज वाटली. एका शुक्रवारी उपास धरलात तो खर्र्यासकट, आणि पुन्हा पुडीला हात लावला नाहीत. पंधरा दिवस डोकं धरून बसायचात. गोसीखुर्दकडच्या एका शेतकऱ्याची मोटार त्याच दिवसांत दोनदा जळाली आणि तुम्ही दोन्ही वेळा ती नव्याने भरून दिलीत.

तुमचा नेम पाहून मला कधी कौतुक वाटायचं, कधी धडकी भरायची. आपल्या शहापुरातल्या ज्या गल्लीत दारूची भट्टी आहे ती गल्ली तुम्ही अकरा वर्षं टाळलीत. पावसाळ्यात बांधावरच्या चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन यायचात, पण त्या गल्लीतून नाही. मी म्हणायची, इतकी वर्षं झाली, आता काय भीती? तुम्ही तांब्याच्या तारेचं सांगायचात. मोटारीत एक वेढा चुकीचा पडला की सगळी मोटार जळते. मी म्हणायची, माणूस म्हणजे मोटार नव्हे, एका वेढ्यानं जळायला. पाळकसाहेब माझ्या बाजूचे होते. ते कृपेबद्दल सांगायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलातून यायचात. हा आपला वाद अर्धाच राहिला.

पण तुमच्यातला खरा बदल दारूचा नव्हता. तो मला तेव्हा दिसला आणि मी त्याची किंमत केली नाही. पिण्याच्या दिवसांत तुमची प्रत्येक गोष्ट माझ्या डोक्यावर यायची. "तुह्या तोंडामुळं पेतो मी." भात करपला तरी मी, गिऱ्हाईक तुटलं तरी मी. एकदा मीना तापानं फणफणली होती आणि तुम्ही नालीत पडला होतात, त्यालाही कारण मीच. मग तुम्ही बदललात, आणि पहिल्याच साक्षीत सगळ्यांसमोर म्हणालात, "अर्धी दारू मी बायकोच्या नावानं पेलो." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही हसत नव्हतात. त्यानंतर तुम्ही कधी म्हणजे कधी माझी चूक काढली नाहीत. डाळीत मीठ जास्त झालं तर म्हणायचात, मलेच तहान लागली असेल. मी चिडवायची, की उद्या सूर्य उशिरा उगवला तरी म्हणाल मीच झोपून राहिलो म्हणून.

आता मे महिन्याकडे येते. 

आपल्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याच्यासाठी मनुकांचा रस करून द्यायचं काम माझ्याकडे. काळ्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, गाळून गार करून शनिवारी संध्याकाळी तयार ठेवायच्या. सात वर्षं मी ते करत होते. दारुड्याच्या बायकोकडे हे काम दिलं म्हणून मला अभिमान होता. त्या महिन्यात शुक्रवारी कारध्याला भावाच्या पोरीचं लग्न. गॅस संपत आलेला. मी गुरुवारीच मनुका साखरपाण्यात भिजवल्या, उकळल्या नाहीत, स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि लग्नाला गेले. तेव्हाचं ऊन तुम्हाला आठवतं. शनिवारी संध्याकाळी येऊन झाकण काढलं तर फुस्स झालं. म्हटलं, गरमीनं वाफ धरली असेल. चाखलं तर थोडं आंबूस लागलं. साखर वाढवली, गाळलं आणि झोपले. सकाळी मला पोलिओच्या बूथवर ड्यूटी होती, म्हणून डबा तुम्ही सायकलला बांधून नेलात.

मी संध्याकाळी पाचला परत आले. तुम्ही खाटेवर बसला होतात. वाकायला उठला नाहीत, म्हणून मीच जवळ आले. तोंडाला पेरूच्या पाल्याचा वास. पिण्याच्या दिवसांत तुम्ही दारूचा वास मारायला तोच पाला चावायचात. आणि छातीशी, रविवारच्या पांढऱ्या सदऱ्याला, आंबलेला उग्र वास. 

"पेले ना तुम्ही?"

"नाही वो."

"मंग हा वास कायचा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत आणि मिटलंत. मग एवढंच म्हणालात, "मी पेलो नाही."

"एक दिवस संगं नव्हते मी. एक दिवस! अन् तुम्ही अकरा वर्षं मातीत घातली." मी ओरडत होते. शेजारची माणसं अंगणात आली. "जोवर खरं सांगत नाही तोवर प्रभूच्या मेजाले हात लावू नका. लावाल तर मी सगळ्यांसमोर उठून सांगीन."

तुम्ही म्हणालात, "बरं."

माझ्या लेखी तो 'बरं' म्हणजे कबुलीच होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत राहिले. सदरा दुसऱ्या दिवशी मीच धुतला. छातीवरचा तपकिरी डाग निघाला नाही. अहो, मोहाची दारू पाण्यासारखी असते, तिचा तपकिरी डाग पडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पंधरा वर्षं मी तुमचे कपडे धुतले होते. तरी त्या डागाकडे पाहून मला काहीच सुचलं नाही, कारण मला जे सापडायला हवं होतं ते सापडलं होतं.

हे वाक्य खोडावंसं वाटलं. पण खोडणार नाही. तुमच्या बदलाची चौकीदारी करता करता मला त्यात मोठेपणा वाटायला लागला होता. मंडळीतल्या बायका कौतुकानं विचारायच्या आणि मी माझ्या नाकाची कीर्ती सांगायची. हा माणूस माझ्यामुळे उभा आहे असं मी तोंडानं कधी म्हटलं नाही. मनात मात्र होतं.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार वेळा ताट आलं आणि चार वेळा तुम्ही ते पुढे दिलंत. त्याआधी तेच ताट घेऊन बाकाबाकावरून फिरायचं काम तुमचं होतं. ते पाळकसाहेबांना जाऊन सांगितलंत, की काही दिवस दुसऱ्याला द्या. त्यांनी कारण विचारलं तर "घरचं हाय" म्हणालात. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पहिले काही आठवडे तुम्ही घरी उशिरा यायचात. सातचे आठ व्हायचे. मी विचारायची कुठे होतात, तर "इथंच, गावात." वास यायचा नाही, पण पेरूचा पाला असायचा, आणि मी म्हणायची, चोर हुशार झाला आहे.

मग सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी तुम्ही प्रार्थना करून बारदान्यावरून उठत होतात. गुडघे दुखत होते, भिंतीला हात लावून उठत होतात. मला एकदम दया आली. चहा देताना म्हणाले, "जाऊ द्या आता. मी माफ केलं तुम्हाला. येत्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घ्या."

तुम्ही कप दोन्ही हातांनी धरलात. "उपकार झाले," म्हणालात. मी तुमच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी तुम्हाला पुढे बोलावून मिठी मारली. हरवलेला भाऊ परत आला, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तुम्ही खाली मान घालून उभे होतात.

पुढे सहाच आठवडे. तुम्ही गेलात त्या दिवसाचं मी काही लिहिणार नाही.

मागच्या आठवड्यात सुमनआत्या माझ्या सोबतीला राहायला आली. तुमची लाडकी आत्या, मंडळीतले प्रभुभोजनाचे पेले भरणारी आणि धुणारी. आम्ही दोघी तुमचे कपडे देण्यासाठी वेगळे काढत होतो. तो पांढरा सदरा निघाला. मी म्हटलं, हा नको द्यायला, हा त्या दिवशीचा आहे, ज्या दिवशी ते प्यायले. आत्यानं सदरा हातात घेतला, उजेडात धरला आणि खाली बसली.

"हा मनुकांचा डाग हाय वो, बाई."

मी म्हटलं, "काय म्हणून राहिली आत्या?"

"मी शबद देल्ला होता त्याले, कोणाले सांगणार नाही म्हणून. पण तू त्याले पडला समजून रडून राहिली. हे ओझं मी कायले घेऊन मरू?"

मग तिनं सांगितलं. त्या रविवारी तिनं डबा उघडला, वास आला, तिनं तुम्हाला बोलावलं. "बघ बरं, आंबलं का?" तुम्ही चांगला मोठा घोट घेतलात, आणि थांबलात. अकरा वर्षांनी जिभेला ती चव लागली. तुम्ही तो घोट थुंकलात, पण थोडा गेलाच पोटात. मंडळीतली लहान लेकरंसुद्धा रस घ्यायला बसली होती. तुम्ही दोघांनी डबा मागच्या दारानं नेऊन ओतला, ओतताना तो तुमच्या हातून निसटला आणि सदऱ्यावर सांडला. आत्यानं गरम पाण्यात मूठभर मनुका चुरून पातळ रस केला आणि वेळ निभावली. जिभेवरची चव जाईना. पेरूचा पाला तिनंच दिला चावायला.

"म्या म्हणलं, घरी जाऊन सांग तिले. तर म्हणे, नाही आत्या. लोकायले समजलं तर म्हणतील, दारुड्याच्या बायकोनं प्रभूच्या मेजावर दारू ठेवली."

"लोकांना नका सांगू. पण मला?" मी ओरडले. "मला काहून नाही सांगतलं?"

आत्या सदऱ्याची बटणं लावत होती. "म्या बी हेच इचारलं, तू त्याले बोलल्यावर. तर म्हणे, 'आत्या, इतके वर्ष मी पेलो अन् दोष तिच्या डोस्क्यावर ठेवला. आता खरंच तिची चूक हाय, तरी माह्या तोंडातून निंगत नाही. बोलाले गेलो की वाटते, तो जुनाच माणूस बोलून राहिला.'"

आणि उशिरा येण्याचं? तेही तिनं सांगितलं. तो घोट तुमच्या अंगात जागा झाला होता. संध्याकाळ झाली की पाय भट्टीच्या गल्लीकडे वळायचे. तुम्ही सायकल आत्याच्या अंगणात लावायचात आणि म्हणायचात, "जिभेले आठवण आली वो आत्या. बसू दे थोडा वेळ." ती तुम्हाला पेरूचा पाला चावायला आणि लाखोळीची डाळ निवडायला द्यायची. सहा आठवडे तुम्ही तिची डाळ निवडलीत. चव मेली की उठून घरी यायचात, जिथे मी दारात नाक उगारून उभी असायची.

ती लढाई माझ्या घरात व्हायला हवी होती, माझ्या सुपात, माझ्या डाळीवर. ती दुसऱ्याच्या अंगणात झाली, कारण माझ्या अंगणात तुमच्यासाठी पोलीस बसला होता. हे मला फार लागलं आहे. आत्या झोपायला गेल्यावरही मी तो सदरा मांडीवर घेऊन बसले होते.

पण मी सगळं माझ्यावर घेणार नाही. तुम्हीही ऐका. तुमचं मौन मोठं होतं, पण ते बरोबर होतं का? तुम्ही मला खोट्यात राहू दिलंत. चार महिने मला न्यायाधीश होऊ दिलंत, आणि शेवटी मी न केलेल्या गुन्ह्याची माफी दिली तर तीही दोन्ही हातांनी घेतलीत. त्या चहाच्या वेळी तरी बोलायचं होतं. दोष देणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं, हा फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही का? एकही वेढा चुकू द्यायचा नाही या हट्टापायी तुम्ही मला बाहेर ठेवलंत. मी चिडले असते, रडले असते, लाजेनं मेले असते. पण दुसऱ्या दिवशी तुमच्याजवळ बसले असते. बसले असते का? मला खात्री नाही. कदाचित म्हणाले असते, पाहा, शेवटी नाव माझ्यावरच आणलंत. तुम्हाला तीच भीती होती, आणि तुम्ही मला ओळखत होतात.

आता मला सांगा, रविवारी मी काय करू? तुम्ही माझी अब्रू झाकलीत, ती मी उघडी करू? आत्याकडून शब्द घेतलात, तो मी चव्हाट्यावर मोडू? गप्प राहिले तर तुमची इच्छा राखली जाते आणि माझं नाव जसंच्या तसं राहतं. पाळकसाहेबांना पडून उठलेला माणूस मिळतो, लोकांना धीर मिळतो. सगळ्यांची सोय आहे. फक्त तुम्ही कायमचे प्यायलेले राहता. मीनाच्या लेकरालाही उद्या कुणी सांगेल, तुझे आजोबा चांगले होते, मध्ये एकदा पडले होते एवढंच.

मला भीती वाटते. खरंच वाटते. अंगणवाडीत आया माझ्याकडे लेकरं सोडून जातात. मंडळीत बायका माझं ऐकतात.

दोन दिवस मी वही उघडली नाही.

आज रविवार, संध्याकाळ. सांगते काय झालं ते.

मी पुढे गेले. हॉल भरला होता. पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे मान हलवत होते. मी सुरुवात त्यांच्या मनासारखी केली. पोळा सांगितला, लोक हसले. खर्रा सांगितला, आणखी हसले. मग मी म्हटलं, मे महिन्यात ते पडले असं तुम्ही समजता. ते पडले नव्हते. आणि मी डब्यापासून सगळं सांगितलं. न उकळलेल्या मनुका, फुस्स झालेलं झाकण, वाढवलेली साखर.  म्हणाले, "ज्या डब्यातून तुमच्या लेकरांच्या तोंडी दारू गेली असती तो डबा माझा होता. त्यांनी तो ओतला, अन् मी त्यायलेच चार महिने मागं बसवलं." सुमनआत्या पदरानं डोळे पुसत होती.  टाळ्या नाहीत, आमेन नाही. पाळकसाहेब उठले आणि त्यांना प्रार्थनेची सुरुवात सापडेना.  मग म्हणाले, "भावाला मिठी मारून मी माफ केलं होतं. मलाही ठाऊक नव्हतं." आणि खाली बसले.

बाहेर मी चपला घालत होते. काही बायका न बोलता बाजूनं निघून गेल्या. जाऊ देत. तेवढ्यात ललिता आली. तुम्ही तिला पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याची दारू सुटून दोन महिने झाले आहेत आणि हुंगायची रीत तिला मीच शिकवली आहे, मोठ्या ताठ्यानं. तिनं माझा हात धरला. नवरा पलीकडे गाडीजवळ उभा होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मंग मी आता हुंगू का नोको?"

 नको म्हणावं तर तुम्हीच ते मागून घेतलं होतं, आणि त्याच्या आधारानं तुम्ही उभे राहिलात. हो म्हणावं तर माझं हे असं झालं. ती वाट बघत होती. शेवटी म्हटलं, "हुंग. तो म्हणतो तोवर हुंग. पण कधी वास आला अन् तो नाही म्हणाला, तर उठून जाऊ नोको. तिथंच बस त्याच्याजवळ. तो बोले पावेतो बस."

ती गेली. मी घरी आले आणि दार लोटून ही वही घेतली. मंडळीत जे बोलले ते मंडळीसाठी होतं. ललिताला सांगितलं ते ललितासाठी. तुमच्यासाठी अजून काही बोललेच नाही.

अहो, तुम्ही प्यायला नव्हतात. तुम्ही नाही म्हणाला होतात आणि ते खरं होतं. चूक माझी होती. मला माफ करा.